स्पॅनिश–अमेरिकन युद्ध

(एप्रिल–ऑगस्ट १८९८). क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्यातून उद्‌भवलेले आणि स्पेनच्या अमेरिका खंडातील व पॅसिफिक महासागरातील वसाहती साम्राज्याचा शेवट घडवून आणणारे, स्पेन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांमधील युद्ध. प्रत्यक्ष लढाई चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालली आणि तिचा निकाल दोन आरमारी चकमकींत लागला. त्यामुळे एका बलाढ्य तरुण राष्ट्राने एका जर्जर साम्राज्यावर मिळविलेला सहज विजय, असे या युद्धाचे वर्णन सामान्यतः केले जाते. तथापि युद्धारंभी स्पेनचे क्यूबात दीड लाखाहून अधिक सैनिक होते, तर संयुक्त संस्थानांचे संपूर्ण खडे सैन्य अवघे २८,००० होते. स्पेनचा पराभव सैनिकांच्या संख्येमुळे किंवा त्यांच्या शौर्याच्या अभावामुळे झाला नाही. वसाहती टिकविण्याच्या तीन वर्षांच्या प्रयत्नात त्याची शक्ती आधीच खर्ची पडली होती आणि त्या वसाहती वेळीच सोडण्याचे राजकीय सामर्थ्य त्याच्या राज्यव्यवस्थेत नव्हते, हे या पराभवाचे मूळ होय.

साम्राज्याची अवस्था : १८२६ पर्यंत अमेरिका खंडाच्या मुख्य भूमीवरील सर्व वसाहती स्पेनच्या हातून गेल्या. त्यानंतर त्याच्याकडे कॅरिबियन समुद्रातील क्यूबा व प्वेर्तो रीको आणि पॅसिफिकमधील फिलिपीन्स, ग्वॉम, मेरिआना व कॅरोलाइन ही बेटे एवढाच प्रदेश उरला. त्यांत क्यूबाचे महत्त्व सर्वाधिक होते. हैतीतील गुलामांच्या यशस्वी उठावानंतर जागतिक साखर-बाजारात क्यूबाने आघाडी घेतली. गुलामांच्या श्रमावर श्रीमंत झालेले क्यूबातील मळेवाले तशाच उठावाच्या भीतीने स्पेनच्या लष्करी संरक्षणाला धरून राहिले. ही निष्ठा भीतीवर आधारलेली असल्याने तिचा पाया भक्कम नव्हता. कार्लोस मान्वेल दे सेस्पेदेस याने १० ऑक्टोबर १८६८ रोजी आपल्या गुलामांना मुक्त करून स्वातंत्र्याचा पुकारा केला. त्यातून उद्‌भवलेले दहा वर्षांचे युद्ध १८७८ च्या सान्होनच्या कराराने थांबले. या करारात सुधारणांची आश्वासने देण्यात आली. परंतु त्यांची पूर्तता रडतखडत झाली. गुलामगिरी १८८६ मध्ये संपुष्टात आली आणि तिच्याबरोबर मळेवाल्यांना स्पेनशी बांधून ठेवणारी भीतीही ओसरली.

याच काळात क्यूबाचे आर्थिक केंद्र माद्रिदकडून न्यूयॉर्ककडे सरकले. क्यूबाच्या साखरेचा बहुतांश भाग संयुक्त संस्थानांत खपत असे. स्पेनची बाजारपेठ तिला पुरेशी नव्हती. उलट स्पेनमधील, विशेषतः कॅटालोनियातील, कापडगिरण्यांना व गव्हाच्या व्यापाऱ्यांना संरक्षित गिऱ्हाईक म्हणून क्यूबा हवा होता. मातृदेशाला वसाहतीचा माल नको आणि आपला माल मात्र तिच्या गळ्यात मारावयाचा, असा हा विपरीत संबंध होता. १८९० मध्ये संयुक्त संस्थानांनी कच्च्या साखरेवरील जकात रद्द केली व पुढील वर्षी स्पेनशी व्यापारी करार केला. परिणामी १८९४ मध्ये क्यूबातील साखरेचे उत्पादन दहा लाख टनांवर गेले. त्याच वर्षी वॉशिंग्टनने साखरेवर ४० टक्के जकात पुन्हा बसविली. तिचा फटका बसून मळ्यांतील बेकारी वाढली. क्यूबातील जनजीवनावर माद्रिदच्या हुकमापेक्षा परकीय विधिमंडळातील जकातीच्या ठरावाचा परिणाम अधिक होतो, हे त्यावरून उघड झाले.

क्यूबातील उठाव : क्यूबाला मर्यादित स्वायत्तता देणारी योजना वसाहतमंत्री आंतोन्यो माउरा याने १८९३ मध्ये मांडली, ती स्पेनच्या संसदेत टिकू शकली नाही. निर्वासित कवी व विचारवंत होसे मार्ती (१८५३–९५) याने १८९२ मध्ये क्यूबन क्रांतिकारक पक्ष स्थापन केला होता. २४ फेब्रुवारी १८९५ रोजी उठावास प्रारंभ झाला. मार्ती १९ मे रोजी दोस रीओस येथील चकमकीत मारला गेला. तथापि माक्सिमो गोमेस (१८३६–१९०५) व आंतोन्यो मासेओ (१८४५–९६) या दोन अनुभवी सेनानींनी लढा पुढे नेला. १८९५ च्या अखेरीपासून त्यांनी बेटाच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत मुसंडी मारली. उसाचे मळे व साखर कारखाने जाळून स्पेनचे उत्पन्नच बुडविणे, हे गोमेसचे प्रमुख युद्धतंत्र होते. साखरेचे उत्पादन १८९६ मध्ये सु. सव्वादोन लाख टनांवर आले. ज्या संपत्तीसाठी स्पेन क्यूबा राखू पाहत होता, ती संपत्तीच अशा रीतीने नष्ट झाली.

स्पेनने १८९५–९८ या काळात सु. दोन लाख सैनिक क्यूबास पाठविले. महासागरापलीकडे एवढे मोठे सैन्य पाठविण्याची ही कामगिरी त्या काळी असामान्य होती. परंतु हे सैन्य मळे, रेल्वेमार्ग, शहरे आणि हूकारो–मोरोनसारख्या तटबंदीच्या रेषा यांच्या रक्षणात विखुरले गेले. पावसाळ्यात पीतज्वर, हिवताप व आमांश यांनी त्यात थैमान घातले. पीतज्वराचा प्रसार डासांमुळे होतो, हा सिद्धांत कार्लोस फिनले या क्यूबन डॉक्टरने १८८१ मध्येच मांडला होता. परंतु तो मान्य होण्यास १९०० साल उजाडावे लागले. मृत स्पॅनिश सैनिकांची संख्या चाळीस हजारांहून अधिक मानली जाते व त्यांपैकी बहुसंख्य रोगांना बळी पडले होते. गोमेसने पावसाळ्याच्या महिन्यांना आपले उत्तम सेनापती मानले, ते यामुळेच.

फेब्रुवारी १८९६ मध्ये जनरल व्हालेर्यानो वेइलर क्यूबाचा गव्हर्नर झाला. बंडखोरांना अन्न व माहिती मिळू नये म्हणून त्याने ग्रामीण जनतेला तटबंद गावांत सक्तीने आणून ठेवण्याचे धोरण अवलंबिले. या लोकांसाठी अन्न, निवारा व औषधे यांची तरतूद नव्हती. त्यामुळे किमान एक लाख लोक उपासमारीने व रोगराईने मृत्युमुखी पडले. काही अभ्यासकांच्या मते हा आकडा दीड लाखाहून अधिक आहे. लष्करी दृष्ट्या पश्चिम क्यूबात वेइलरला काही यश मिळाले आणि ७ डिसेंबर १८९६ रोजी मासेओही लढताना पडला. परंतु या धोरणामुळे क्यूबातील तटस्थ जनता स्पेनपासून दुरावली आणि संयुक्त संस्थानांतील लोकमत प्रक्षुब्ध झाले.

फिलिपीन्समधील उठाव : क्यूबातील युद्ध ऐन भरात असता ऑगस्ट १८९६ मध्ये फिलिपीन्समध्ये कातिपुनान या गुप्त संघटनेच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. सशस्त्र मार्गास प्रतिकूल असलेला सुधारणावादी लेखक होसे रिसाल (१८६१–९६) यास ३० डिसेंबर १८९६ रोजी गोळ्या घालून ठार करण्यात आले. या कृत्यामुळे सुधारणेची वाट पाहणारा वर्गही बंडखोरांकडे वळला. डिसेंबर १८९७ मध्ये स्पेनने पैसे देण्याच्या बोलीवर एमील्यो आगिनाल्दो (१८६९–१९६४) याच्याशी तह केला व तो हाँगकाँगला निघून गेला. हा तह दोन्ही पक्षांनी केवळ उसंत म्हणून स्वीकारला होता. अशा प्रकारे परस्परांपासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर असलेल्या दोन आघाड्या सांभाळण्याची पाळी स्पेनवर आली.

स्पेनमधील राजकीय परिस्थिती : १८७४ मध्ये स्पेनमध्ये राजसत्तेची पुनःस्थापना झाली. १८७६ च्या संविधानाखाली आंतोन्यो कानोव्हास देल कास्तील्यो (१८२८–९७) याचा हुजूर पक्ष व प्राक्सेदेस मातेओ सागास्ता (१८२५–१९०३) याचा उदारमतवादी पक्ष संगनमताने आळीपाळीने सत्तेवर येत. निवडणुकांचे निकाल गृहखाते व स्थानिक पुढारी आधीच ठरवीत. राजा तेरावा आल्फान्सो अल्पवयीन असल्याने राजमाता मारिया क्रिस्तीना कारभार पाहत होती. राजघराण्याच्या दुसऱ्या शाखेचे पक्षपाती कार्लिस्ट, प्रजासत्ताकवादी आणि असंतुष्ट लष्करी अधिकारी यांच्या उठावाची धास्ती या व्यवस्थेस सतत वाटे. क्यूबा हा परकीय प्रदेश नसून राष्ट्राचाच भाग आहे, अशी शिकवण पिढ्यान्‌पिढ्या देण्यात आली होती. त्यामुळे लढल्यावाचून क्यूबा सोडणारे मंत्रिमंडळ आणि कदाचित सिंहासनही टिकणार नाही, असे दोन्ही पक्षांच्या नेत्यांना वाटत होते. क्यूबाला स्वातंत्र्य द्यावे, असे उघडपणे सांगणारा फ्रान्सिस्को पी इ मार्गाल यासारखा प्रजासत्ताकवादी नेता विरळा होता.

युद्धाचा भार मात्र सर्वांवर सारखा नव्हता. सु. २,००० पेसेटा भरणाऱ्या तरुणास समुद्रापलीकडील लष्करी सेवेतून सूट मिळे. ही रक्कम शेतमजुराच्या किंवा कामगाराच्या आवाक्याबाहेरची होती. त्यामुळे क्यूबात मरणारे सैनिक प्रामुख्याने गरीब घरांतील होते. एक तर सर्वांनी जावे किंवा कोणीच जाऊ नये, अशी मागणी स्पॅनिश समाजवाद्यांनी केली. युद्धाचे निर्णय घेणारा वर्ग आणि युद्धाची किंमत देणारा वर्ग यांमधील ही दरी हे युद्ध निष्कारण लांबण्याचे एक कारण ठरले.

ऑगस्ट १८९७ मध्ये एका इटालियन अराज्यवाद्याने कानोव्हासचा खून केला व ऑक्टोबरमध्ये सागास्ता सत्तेवर आला. त्याने वेइलरला परत बोलाविले आणि क्यूबाला स्वायत्तता दिली; स्वायत्त शासन १ जानेवारी १८९८ रोजी सुरू झाले. चार वर्षांपूर्वी जी सवलत कदाचित पुरेशी ठरली असती, ती आता कोणासच मान्य नव्हती. बंडखोरांना पूर्ण स्वातंत्र्य हवे होते, तर हॅवानातील कट्टर स्पेननिष्ठांनी व लष्करी अधिकाऱ्यांनी १२ जानेवारीस स्वायत्ततेविरुद्धच दंगल केली.

संयुक्त संस्थानांचा उदय : यादवी युद्धानंतरच्या (१८६१–६५) तीन दशकांत संयुक्त संस्थानांची औद्योगिक वाढ अभूतपूर्व वेगाने झाली. १८९० च्या सुमारास पोलादाच्या उत्पादनात त्यांनी ग्रेट ब्रिटनला मागे टाकले. १९०० मध्ये त्यांची लोकसंख्या सु. ७·६ कोटी, तर स्पेनची सु. १·८६ कोटी होती. बिस्के प्रांतातील उत्तम लोहखनिज स्पेन मोठ्या प्रमाणावर ब्रिटनला विकत असे. स्वतःच्या युद्धनौकांसाठी मात्र त्यास परदेशी कारखान्यांवर विसंबून राहावे लागे. संयुक्त संस्थानांनी १८८३ पासून पोलादी जहाजांचे नवे आरमार उभारण्यास आरंभ केला, १८८४ मध्ये नाविक युद्ध महाविद्यालय काढले आणि १८९० मध्ये तीन प्रथम श्रेणीच्या युद्धनौकांना मंजुरी दिली. सागरी सामर्थ्याच्या इतिहासावरील ॲल्फ्रेड मॅहनचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला व त्याचा राज्यकर्त्यांवर प्रभाव पडला. स्पेनशी युद्ध झाल्यास मानिलावर चाल करण्याची कल्पना नाविक अधिकाऱ्यांच्या योजनांत १८९६ पासूनच होती.

तथापि ही वाढ सर्वांगीण नव्हती. खडे सैन्य लहान होते. स्वयंसेवकांच्या पलटणींकडे काळ्या दारूच्या जुन्या बंदुका होत्या आणि उष्ण प्रदेशातील मोहिमेसाठी लागणारे कपडे, औषधे व वाहने यांची वानवा होती. टँपा बंदरातील गोंधळामुळे मोहीम निघण्यास विलंब झाला. उदयोन्मुख सत्तेचे श्रेष्ठत्व आरमार, पैसा व क्यूबाशी असलेले सान्निध्य यांत होते, भूसेनेत नव्हते.

युद्धाची तात्कालिक कारणे : क्यूबा विकत घेण्याची संयुक्त संस्थानांची इच्छा १८४८ इतकी जुनी होती. १८९६ मध्ये अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड याने काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात क्यूबातील अमेरिकन भांडवल तीन ते पाच कोटी डॉलर असल्याचे म्हटले होते. न्यूयॉर्कमधील खपाऊ वृत्तपत्रांनी स्पेनच्या अत्याचारांची खरी व अतिरंजित वर्णने छापून लोकभावना चेतविली. अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली (१८४३–१९०१) याची निंदा करणारे स्पॅनिश राजदूताचे खासगी पत्र ९ फेब्रुवारी १८९८ रोजी प्रसिद्ध झाले. त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ फेब्रुवारी रोजी, हॅवाना बंदरातील मेन ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली व तीवरील २६० हून अधिक लोक मरण पावले. हा स्फोट बाहेरील सुरुंगामुळे झाल्याचा निष्कर्ष अमेरिकन चौकशी न्यायालयाने काढला. ॲडमिरल हायमन रिकोव्हर याच्या १९७६ मधील अभ्यासात मात्र कोळशाच्या कोठारातील आगीमुळे आतील दारूगोळ्याचा स्फोट झाला असावा, असे दाखविण्यात आले.

९ मार्च रोजी काँग्रेसने संरक्षणासाठी पाच कोटी डॉलर एकमताने मंजूर केले. एवढी रक्कम कर्ज न काढता एका ठरावाने उभी राहू शकते, याचा माद्रिदमध्ये मोठा धक्का बसला. स्पेनने यूरोपीय सत्तांकडे व पोपकडे मध्यस्थीची याचना केली. परंतु सदिच्छांपलीकडे कोणी काही दिले नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्पेनने क्यूबात एकतर्फी शस्त्रसंधीही जाहीर केली. तथापि क्यूबाच्या स्वातंत्र्यास मान्यता देण्याची त्याची तयारी नव्हती आणि त्याहून कमी काही क्यूबन सेनानींना चालणार नव्हते. काँग्रेसने १९ एप्रिल रोजी क्यूबाच्या स्वातंत्र्याचा व हस्तक्षेपाचा ठराव संमत केला. क्यूबा बळकाविण्याचा हेतू नसल्याचे कलम टेलर दुरुस्तीद्वारे त्यात घालण्यात आले. फिलिपीन्स व प्वेर्तो रीको यांबाबत असे कोणतेही आश्वासन नव्हते. संयुक्त संस्थानांनी २५ एप्रिल रोजी केलेली युद्धघोषणा २१ एप्रिलपासून लागू धरण्यात आली.

मानिला उपसागराची लढाई : युद्धाची पहिली मोठी लढाई क्यूबात न होता फिलिपीन्समध्ये झाली. कमोडोर जॉर्ज ड्यूई (१८३७–१९१७) याने हाँगकाँग येथे आधीच कोळशाचे व रसदीचे जहाज खरेदी करून ठेवले होते. १ मे रोजी पहाटे त्याची सहा लढाऊ जहाजे मानिला उपसागरात शिरली. ॲडमिरल पात्रिस्यो मोंतोहो याची जहाजे जुनी व लहान होती. कास्तिल्या ही त्यांतील एक मोठी नौका लाकडी होती. शहरावर तोफमारा होऊ नये आणि जहाजे बुडाल्यास खलाशांना किनारा गाठता यावा, म्हणून मोंतोहोने उथळ पाण्यात काव्हीतेजवळ नांगर टाकला होता. पराभव गृहीत धरूनच ही व्यूहरचना केलेली होती. दुपारपर्यंत स्पॅनिश नौदल नष्ट झाले. अमेरिकन पक्षाचा एकही माणूस शत्रूच्या गोळ्याने मेला नाही. अमेरिकनांच्या तोफगोळ्यांपैकी फारच थोडे लक्ष्यावर लागले होते, तरीही एवढा मारा पुरेसा ठरला.

सेर्व्हेराचे नौदल : ॲडमिरल पास्क्वाल सेर्व्हेरा (१८३९–१९०९) याच्याकडे चार चिलखती क्रूझर व काही विनाशिका होत्या. क्रिस्तोबाल कोलोन या सर्वांत आधुनिक क्रूझरवर मुख्य तोफाच बसविलेल्या नव्हत्या, व्हिस्काया या नौकेचा तळ शेवाळ व शिंपल्यांनी माखल्याने तिचा वेग मंदावला होता आणि दारूगोळ्याचा बराच भाग सदोष होता. पेलायो ही स्पेनची एकमेव मोठी युद्धनौका दुरुस्तीसाठी फ्रान्समध्ये होती. या मोहिमेचा शेवट विनाशातच होईल, असे सेर्व्हेराने नाविक मंत्र्यास वारंवार लेखी कळविले होते. तरीही २९ एप्रिल रोजी त्याला केप व्हर्द बेटांवरून पश्चिमेकडे जावे लागले. मार्टिनीक येथे कोळसा मिळाला नाही व क्यूरासाओ येथे थोडासाच मिळाला. अखेर १९ मे रोजी तो सँतिआगो दे क्यूबा या बंदरात शिरला व लवकरच तेथे कोंडला गेला.

यांच्याशी ऑरेगन या अमेरिकन युद्धनौकेचा प्रवास ताडून पाहण्याजोगा आहे. पनामा कालवा तेव्हा नसल्याने ती १९ मार्च रोजी सॅन फ्रॅन्सिस्कोहून निघून दक्षिण अमेरिकेस वळसा घालून सु. ६६ दिवसांत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यास पोहोचली आणि लगेच नाकेबंदीत सामील झाली. अधिकृत कोळसा व उत्तम यंत्रनिगा असलेल्या आरमारासच हे शक्य होते.

सँतिआगोची मोहीम : जनरल विल्यम शॅफ्टर याच्या नेतृत्वाखाली सु. १७,००० अमेरिकन सैनिक २२ जूनपासून दाइकिरी व सिबोने येथे उतरले. किनाऱ्याचा हा भाग कालिक्स्तो गार्सीआ याच्या क्यूबन सैनिकांनी मोकळा ठेवला होता. १ जुलै रोजी एल काने व सान ह्वान टेकड्या येथे तुंबळ लढाई झाली. एल काने येथे सु. ५०० स्पॅनिश सैनिकांनी सहा हजारांहून अधिक अमेरिकनांना दिवसाचा बराच काळ थोपवून धरले. त्यांच्या मॉसर बंदुका व धूरविरहित दारू अमेरिकन स्वयंसेवकांच्या शस्त्रांहून सरस होती. त्या दिवशी अमेरिकनांचे दोनशेहून अधिक सैनिक मारले गेले व हजारावर जखमी झाले. शॅफ्टर माघारीचा विचार करू लागला, एवढी ही झळ तीव्र होती.

या प्रांतात स्पेनचे तीस हजारांहून अधिक सैनिक विखुरलेले होते; परंतु रस्ते क्यूबन बंडखोरांच्या ताब्यात असल्याने ते सँतिआगोच्या साहाय्यास जाऊ शकले नाहीत. मान्सानीयोहून निघालेली सु. ३,५०० सैनिकांची एक तुकडी वाटेत सतत लढत ३ जुलै रोजी पोहोचली. तोपर्यंत उशीर झाला होता. हॅवानातील गव्हर्नर जनरल रामोन ब्लांको याच्या आज्ञेवरून सेर्व्हेरा त्याच दिवशी सकाळी बंदराबाहेर पडला. अरुंद मुखातून एकेक जहाज बाहेर येताच त्यावर अमेरिकन तोफांचा मारा झाला. लाकडी डेकांनी पेट घेतला. शेवटपर्यंत निसटू पाहणारी क्रिस्तोबाल कोलोन चांगला कोळसा संपल्यानंतर पकडली गेली. चारही क्रूझर नष्ट होऊन तीनशेहून अधिक स्पॅनिश खलाशी मरण पावले व सेर्व्हेरासह सु. १,७०० जण कैद झाले. अमेरिकनांचा एकच माणूस मेला. १७ जुलै रोजी सँतिआगो शरण आले. शरणागतीच्या समारंभास गार्सीआच्या सैन्याला शहरात प्रवेश देण्यात आला नाही.

युद्धाची समाप्ती : मानिलाच्या साहाय्यार्थ निघालेले ॲडमिरल कामारा याचे नौदल सुएझपर्यंत गेले, परंतु ब्रिटिशांच्या ताब्यातील ईजिप्तमध्ये कोळसा न मिळाल्याने व सँतिआगोची वार्ता आल्याने ते परत फिरले. २५ जुलैपासून अमेरिकन सैन्य प्वेर्तो रीकोत उतरले. १२ ऑगस्ट रोजी शस्त्रसंधी झाली. ड्यूईने मानिलाची समुद्रतार तोडलेली असल्याने ही बातमी तेथे कळली नाही व १३ ऑगस्ट रोजी पूर्वसंकेताने झालेल्या नाममात्र लढाईनंतर शहर अमेरिकनांच्या हवाली करण्यात आले. शहरास वेढा घालून बसलेल्या आगिनाल्दोच्या सैन्याला बाहेर ठेवावे, याबाबत दोन्ही शत्रूंचे एकमत होते.

१० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहान्वये स्पेनने क्यूबावरील हक्क सोडला, प्वेर्तो रीको व ग्वॉम दिले आणि दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपीन्सचा ताबा सोडला. बंडखोरांचा मोड करण्यासाठी काढलेले कर्ज क्यूबाच्या तिजोरीवर टाकावे, ही स्पेनची मागणी फेटाळण्यात आली. वाटाघाटींत क्यूबन वा फिलिपिनो प्रतिनिधींना स्थान नव्हते. उरलेली कॅरोलाइन व मेरिआना बेटे स्पेनने १८९९ मध्ये जर्मनीस २·५ कोटी पेसेटांना विकली.

पराभवाची मीमांसा : औद्योगिक व आरमारी विषमता हे पराभवाचे उघड कारण होय. परंतु या विषमतेचे स्वरूप नीट लक्षात घेणे आवश्यक आहे. दूरच्या वसाहतींचे साम्राज्य सागरी दळणवळणावर अवलंबून असते. कोळसा भरण्याची ठिकाणे, गोद्या, समुद्रतारा व मित्रराष्ट्रे यांवाचून आरमार म्हणजे केवळ जहाजांचा संच ठरतो. स्पेनकडे जहाजे काही अंशी होती. त्यांना चालविणारी ही यंत्रणा नव्हती. समुद्र हातचा गेल्यावर क्यूबातील दीड लाख सैनिक हे सामर्थ्य न राहता, ज्यांना अन्न पुरविता येत नाही असे ओलीस बनले.

दुसरे कारण म्हणजे वसाहतींतील जनतेचा विरोध. अमेरिकन सैन्य क्यूबात उतरण्यापूर्वी तीन वर्षे क्यूबन सैन्य लढत होते. त्याने स्पेनची तिजोरी रिती केली, सैन्य रोगग्रस्त प्रदेशात अडकवून ठेवले आणि त्याची हालचाल कुंठित केली. अमेरिकन इतिहासलेखनात हा वाटा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. तिसरे कारण राजकीय होय. आरमाराची खरी स्थिती माद्रिदमधील जबाबदार व्यक्तींना ठाऊक होती. सेर्व्हेराची पत्रे त्याचा पुरावा आहेत. तरीही युद्ध स्वीकारण्यात आले. कारण शरणागतीपेक्षा पराभव राजसत्तेला कमी धोक्याचा वाटत होता. हा हिशेब एका अर्थी बरोबर ठरला. राजघराणे टिकले व दोन्ही पक्षांची आळीपाळी पुढेही चालू राहिली. त्याची किंमत मात्र ज्यांना सूट विकत घेता आली नाही, अशा सैनिक-खलाशांनी दिली.

परिणाम : स्पेनमध्ये हा पराभव ‘एल देसास्त्रे’ म्हणजे ‘अरिष्ट’ या नावाने ओळखला जातो. त्यातून राष्ट्रीय पुनरुज्जीवनाची चर्चा सुरू झाली. होआकीन कोस्ता याने शिक्षण, पाटबंधारे व स्थानिक पुढाऱ्यांच्या दंडेलीचा अंत यांवर भर दिला आणि मिगेल दे उनामूनो प्रभृती ‘१८९८ च्या पिढी’च्या लेखकांनी आत्मपरीक्षणपर साहित्य निर्माण केले. आर्थिक दृष्ट्या विनाश ओढवला नाही. वसाहतींतील भांडवल मायदेशी परतले व अर्थमंत्री रायमुंदो फेर्नांदेस व्हिल्याव्हेर्दे याच्या सुधारणांमुळे वित्तव्यवस्था सावरली. साम्राज्य हेच समृद्धीचे साधन होय, हा समज त्यामुळे फोल ठरला. परंतु लष्कराने या पराभवाचा दोष राजकारण्यांना दिला व गेलेली प्रतिष्ठा मोरोक्कोत शोधली. तेथील १९२१ चा आन्वालचा पराभव व १९२३ ची लष्करी हुकूमशाही हे त्याचे दूरगामी परिणाम होत.

विजेत्या सत्तेनेही वसाहतवादाचा वारसा त्याच्या दोषांसह उचलला. क्यूबा १९०२ मध्ये स्वतंत्र झाला. परंतु प्लॅट दुरुस्तीनुसार त्याच्या कारभारात हस्तक्षेपाचा हक्क संयुक्त संस्थानांनी १९३४ पर्यंत राखला आणि ग्वांतानामोचा तळ त्यानंतरही सोडला नाही. फिलिपीन्समध्ये ४ फेब्रुवारी १८९९ रोजी अमेरिकन व फिलिपिनो सैन्यांत युद्ध सुरू झाले. ते अधिकृत रीत्या १९०२ पर्यंत चालले. त्यात चार हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक आणि त्याच्या कित्येक पटींनी फिलिपिनो लोक मरण पावले. बंडखोरांपासून जनतेस तोडण्यासाठी काही प्रांतांत तिला ठरावीक क्षेत्रांत डांबण्यात आले. वेइलरच्या ज्या पद्धतीच्या निषेधार्थ अमेरिकन जनतेने युद्धाचा आग्रह धरला होता, तीच पद्धत चार वर्षांच्या आत अमेरिकन सेनानींनी वापरली. फिलिपीन्स १९४६ मध्ये स्वतंत्र झाले. १८९८ च्या युद्धाने एका साम्राज्याचा अस्त व दुसऱ्या महासत्तेचा उदय घडविला, हे खरे. तथापि ज्यांच्या भूमीवर व ज्यांच्या नावाने ते लढले गेले, त्यांचा स्वातंत्र्याचा प्रश्न त्याने सोडविला नाही, केवळ त्यांच्यासमोरील सत्ताधीश बदलला.